गजेंद्रला शंका नसते

मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून कोकिळाबाईंनी बटण दाबलं, पडद्यावर चौकोनांची रांग उमटली, आणि दुसऱ्या ओळीत साक्षात विहीणबाई दिसल्या. कोकिळाबाईंचा हात आपोआप डोक्याकडे गेला. पदर सारखा झाला, पाठ ताठ झाली, चेहऱ्यावर बेताचं हसूही आलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपला कॅमेरा बंद आहे. आपल्या चौकोनात नुसता काळोख आहे आणि त्यावर 'गजेंद्र' असं लिहिलेलं आहे. तेवढ्यात बैठकीतून यजमान उत्तमरावांनी चहासाठी हाक मारली. मोबाइलमधली शिक्षिका म्हणाली, कोणाचा तरी माइक सुरू आहे, मी इथून बंद करते. कोणाचा असेल बरं, असं मनाशी म्हणत कोकिळाबाई चहा टाकायला उठल्या.

गजेंद्र म्हणजे त्यांचा मुलगा. तो अकोल्याला नोकरीला असतो. त्याचा जुना मोबाइल आईकडे आला तो नावासकट आला, आणि क्लासला नोंदणी करतानाही तेच नाव राहिलं. कोकिळाबाईंनी ते बदलून मागितलं नाही, कारण मग या वयात स्पॅनिश कशाला, याचं उत्तर मुलाला द्यावं लागलं असतं. आता विहीणबाईंना पाहिल्यावर तर त्यांना त्या नावाचा मोठाच आडोसा वाटला. गजेंद्र नावाचे लोक जिल्ह्यात पैशाला पासरी, डोणगावात बसून यांना काय कळणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

उत्तर तसं साधं होतं, फक्त ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. कोकिळाबाईंची लेक सुचिता आणि जावई सागर स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला राहतात. त्यांची रेणू पाच वर्षांची. बोलायला लागली तेव्हा मराठी बोलायची, पण शाळेत गेली आणि महिन्या-दोन महिन्यांत तिच्या तोंडातून मराठी जणू पुसलीच गेली. कळायचं सगळं, बोलायची मात्र तिकडचं. सुचिता रविवारी माहेरचं खामगाव आणि सासरचं डोणगाव अशी दोन्ही घरं एकाच व्हिडिओ कॉलवर उरकायची. आजीने काही विचारावं, रेणूने तिच्या भाषेत सांगावं, सुचिताने ते इकडे मराठीत फिरवावं. नातीशी बोलायचं तर मध्ये वकील, अशी गत झाली होती.

आणि मग एका रविवारी विहीणबाई, म्हणजे सागरची आई अन्नपूर्णाबाई, मळ्यातल्या खाटेवर बसल्या बसल्या स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलल्या. चार-दोन शब्दच होते. बाहुलीचा पाय ओढत बसलेल्या रेणूने मान वर केली, धावत मोबाइलजवळ आली, इतकी जवळ की पडद्यावर नुसतं नाक आणि दात दिसायला लागले, आणि ओरडली, "अबुएला!" आजीला तिकडे अबुएला म्हणतात. त्या दिवसापासून अन्नपूर्णाबाई अबुएला झाल्या आणि कोकिळाबाई राहिल्या 'खामगावची आजी'.

कोकिळाबाई जळाल्या. दुसरा शब्द नाही. मुलीची आई म्हणून त्यांनी आजवर पुष्कळ सोसलं होतं. लग्नात विहिणीचे पाय धुतले, मानाची साडी पसंत पडली नाही तर बदलून आणली, रेणू जन्मेपर्यंत रीत म्हणून लेकीच्या घरचा पाण्याचा घोटही घेतला नाही. तो मान होता, रिवाज होता, त्यांनी तोंड वाकडं न करता पाळला. पण नात ही गोष्ट वेगळी. बाळंतपणाला विमानात बसून व्हॅलेन्सियाला कोण गेलं होतं? त्या परक्या थंडीत पोरीला तेल लावून, शेक देऊन, मांडीवर कोणी जोजवलं होतं? आणि आता अबुएला कोण, तर जिने पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं ते तिला दात आल्यावर. कोकिळाबाईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइलवर स्वतःच क्लास शोधायला घेतला. पण स्पॅनिश मराठीतून शिकवणारी बाई जिल्ह्यात एकच निघाली.

ती म्हणजे जयमाला. पुण्यात एका कंपनीत स्पॅनिशचं काम करून लग्नानंतर बुलडाण्याला आलेली, गोड गळ्याची मुलगी. क्लासात बाकी सगळी नोकरीच्या मागे लागलेली पोरं होती. ती मुकाट लिहून घ्यायची. विचारायच्या त्या फक्त अन्नपूर्णाबाई. मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता त्या क्लासात बसत आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी अशा आवाजात विचारत. लाज नाही, संकोच नाही. जयमालाने शिकवलं की तिकडे प्रत्येक नामाला लिंग असतं, पण दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. पोरांनी ते वहीत उतरवलं. अन्नपूर्णाबाईंनी जुडी खाली ठेवली आणि विचारलं की मग नपुंसकलिंग गेलं कुठं, अन् ते लेकरू कुठं टाकायचं? जयमाला हसली. तिकडे लेकरू म्हणून भागत नाही, मुलगा की मुलगी ते आधी ठरवावं लागतं, असं तिने सांगितलं.

नेमका हाच प्रश्न कोकिळाबाईंच्या ओठांवर होता. पण त्या गजेंद्र होत्या. तोंड उघडलं असतं तर बाईचा आवाज निघाला असता, आणि विहिणीने तो तिथल्या तिथे ओळखला असता. मग सगळं आलंच. अय्या, इहीनबाई, तुमी बी? माह्यापायी शिकून राह्यल्या काय? कोकिळाबाईंना ते हसू डोळ्यांपुढे दिसायचं आणि त्या गप्प बसायच्या. जयमाला विचारायची, गजेंद्रसर, तुम्हाला काही शंका? त्या अंगठ्याचं चित्र पाठवायच्या. पुढेपुढे जयमालाही चेष्टेने म्हणायला लागली की गजेंद्रसरांना शंका नसते.

शंका तर पोतंभर होत्या. 'आहे' या एका शब्दाला तिकडे दोन शब्द कशाला? जयमाला म्हणाली, साधारण असं धरा की जे आपण असतोच त्याला एक, आणि जे सध्या आहे, जिथे आहे, त्याला दुसरा. मी आजी आहे ते 'सोय', मी डोणगावात आहे ते 'एस्तोय'. अन्नपूर्णाबाईंनी लगेच धरलं. मेलेला माणूस काही सध्यापुरता मेलेला नसतो, तो कायमचाच जातो, मग त्याला हे दुसरं का लावता? पोरं खो खो हसली. जयमाला मात्र हसली नाही. हीच शंका मला कॉलेजात आली होती आणि ती विचारायला मला वर्ष लागलं, असं म्हणून तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. माइक बंद असलेल्या कोकिळाबाई स्वयंपाकघरात एकट्याच मान हलवत होत्या. त्यांनाही तोच मेलेला माणूस रात्रभर छळत होता.

मग ते 'ग्राथियास'. रेणू आभार मानताना जीभ दातात धरून 'थ' म्हणते, तुम्ही 'स' म्हणता, खरं कोणतं? तेही विहिणीनेच विचारलं. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं, हे पोरांना इंग्रजीतून घोळवत बसल्यामुळे काही केल्या उमजेना, आणि या दोघींना मात्र ते सरळ 'मले आवडते' असं ऐकू आलं. तेही विहीणबाईंनीच वर्गाला ऐकवलं. जयमाला म्हणाली, अन्नपूर्णाताई विचारतात म्हणून सगळ्यांचं भलं होतं. कोकिळाबाईंना ते सुईसारखं टोचलं, कारण ते खरं होतं. ज्या बाईचं तोंड बघितलं की कपाळाला आठी पडायची, तिच्याच प्रश्नांवर त्यांचं शिक्षण चाललं होतं. क्लास सुटला की त्या भांडी घासताना तीच वाक्यं म्हणायच्या, विहिणीच्या जागी स्वतःचा आवाज घालून.

दसऱ्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी बार उडवला. उत्तमरावांनाही पत्ता नव्हता. कॉल लागला, रेणू पडद्यावर आली, आणि सुचिताने काही म्हणायच्या आत कोकिळाबाई म्हणाल्या, "ओय के कोमिस्ते, मि आमोर?" आज काय खाल्लंस, सोन्या?

रेणूचे डोळे मोठे झाले. मग तिने जे सुरू केलं त्याला खंडच नव्हता. कोकिळाबाईंना त्यातलं पाव आणि टोमॅटो एवढंच हाती लागलं, तरी त्या जिथे थांबावं वाटेल तिथे थांबून "के रिको", म्हणजे किती छान लागत असेल, असं म्हणत राहिल्या. पण खरं सांगायचं तर त्यांचे कान रेणूकडे होते आणि डोळे शेजारच्या चौकोनात. तिथे विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू सुकत गेलं, ते त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. "वा, इहीनबाई," एवढंच अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या आठवड्यात कोकिळाबाईंच्या हातची भाकरीसुद्धा जास्त फुगत होती, असं उत्तमराव म्हणाले.

पुढच्या क्लासात विहीणबाई आल्या, कॅमेऱ्यासमोर बसल्या, जुड्या बांधत राहिल्या. पण विचारलं काहीच नाही. त्याच्या पुढेही नाही. जयमाला शिकवायची, शंका विचारायची, सगळे गप्प, की पुढचं पान. पहिले काही दिवस कोकिळाबाईंना मजा वाटली. झोंबलं वाटतं, म्हणाल्या मनाशी. नंतर नंतर मात्र त्यांची गाडी अडायला लागली. 'साठी'ला तिकडे दोन शब्द आहेत, 'पोर' आणि 'पारा', आणि कुठे कोणता हे त्यांना काही केल्या लागेना. रेणूसाठी त्यांनी लोकरीची टोपी विणली होती आणि 'हे तुझ्यासाठी केलं' एवढंच म्हणायचं होतं. आज विचारेल, उद्या विचारेल, म्हणून त्या विहिणीच्या तोंडाकडे आशेने बघत राहिल्या. तोंड काही उघडलं नाही. आता प्रत्येक रविवारी दोघी आपापल्या पाठ वाक्यांनिशी बसत. एकीचं बोलून झालं की ती दुसरीच्या चौकोनाकडे बघे.

नाताळच्या सुट्टीत सागर-सुचिता आले. रिवाजाप्रमाणे आधी डोणगावला. चौथ्या दिवशी कोकिळाबाई आणि उत्तमराव फळं, कपडे, टोपी घेऊन भेटायला गेले. अंगणातच पायावर पाणी घातलं गेलं, कुंकू लागलं. घर भरलेलं होतं. अन्नपूर्णाबाईंचे यजमान रंगराव, त्यांची बहीण तानुबाई, शेजारपाजारच्या बाया, सगळ्या सायबाच्या देशातून आलेल्या पोरीला बघायला जमल्या होत्या. रेणू आईच्या ओढणीमागे लपली होती.

कोकिळाबाईंनी खाली बसून हात पसरले आणि स्पॅनिशमध्ये हाक दिली. त्याच क्षणी ओट्यावरून अन्नपूर्णाबाईंनीही हाक दिली, तिकडचीच, जरा मोठ्याने. बाया कौतुकाने हसल्या. कोकिळाबाईंनी पुढचं वाक्य काढलं. विहीणबाईंनीही काढलं. पोरगी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. मग तिने आईचा हात ओढला आणि थकलेल्या आवाजात सांगितलं, "लास अबुएलास नो मे मिरान. से मिरान."

सुचिताचा चेहरा उतरला.

"काय म्हनते वो?" तानुबाईंनी विचारलं.

"काही नाही आत्याबाई. भूक लागली म्हनते," सुचिता म्हणाली आणि पोरीला उचलून आत घेऊन गेली.

पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक वाक्य कानातून सरळ आत गेलं होतं, मध्ये कुठे अडखळलं नाही, कोणी फिरवून सांगावं लागलं नाही. आज्या मला बघतच नाहीत, पोरगी म्हणाली होती. एकमेकींना बघतात. कोकिळाबाईंनी वर पाहिलं तर विहीणबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. दोघींनी नजर वळवली.

जेवणं झाली, पुरुष मळ्याकडे गेले, बाया पांगल्या. पडवीत हिरव्या तुरीच्या शेंगांचा ढीग पडला होता. अन्नपूर्णाबाई सूप पुढे घेऊन शेंगा सोलायला बसल्या आणि कोकिळाबाईही, पाहुण्या असून, समोर जाऊन बसल्या. बराच वेळ दाणे सुपात पडत राहिले.

"गजेंद्रले शंका नसते काय कधी?" अन्नपूर्णाबाईंनी शेंगेवरची नजर न काढता विचारलं.

कोकिळाबाईंचा अंगठा शेंगेतच राहिला. आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"कवापासून ठाऊक हाये तुमाले?"

"पयल्याच दिवशी. तुमचा माइक चालू होता. उत्तमराव चाय मांगून राह्यले होते."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

अन्नपूर्णाबाईंनी चार शेंगा सोलल्या. मग म्हणाल्या, "मले बरं वाटे. म्या इचारावं अन् तुमी चुपचाप ऐकावं. रेणू झाली तवा तुमी होत्या तिथं. माह्याजवळ आली तवा ती तुमच्या हाताले सवकली होती. मी घेतलं का रडे. कोनाले सांगनार? पोराची माय मी. अन् मंग त्या रविवारी तुमी माह्याच सवालाइवर शिकून माह्याच म्होरं बोलल्या. आग पडली माह्या पोटात. म्हनलं, आता इचारतच नाही. पाहू कशा शिकतात."

"अन् तुमचं?"

"माहंबी अडलंच ना. ते 'पोर' का 'पारा', अजून नाही समजलं मले."

कोकिळाबाईंना राग यायला हवा होता. पण खोटं कशाला सांगा, आधी त्यांना बरंच वाटलं. इतकी वर्षं मानाच्या पाटावर बसलेली ही बाईसुद्धा आतून जळत होती, आणि तीही त्यांच्यावरच. ते समाधान मनात नीट बसण्याआधीच रेणूचा तो थकलेला आवाज पुन्हा कानात आला आणि ते विरून गेलं. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींना आत शिरू न देण्याच्या नादात दारच लावून घेतलं होतं, आणि पोरगी बाहेर उभी होती.

तेवढ्यात दोन मोबाइल एकदमच वाजले, एक कोनाड्यात, एक कोकिळाबाईंच्या पिशवीत. क्लासची वेळ झाली होती. कोनाड्यातला अन्नपूर्णाबाईंनी हात लांबवून बंद केला.

"आजवरी म्या इचारलं," त्या म्हणाल्या. "आज तुमी इचारा."

"साऱ्याइसमोर?"

"मंग म्या नाही इचारलं? त्या मेलेल्या मानसापायी पोरं हासले मले. म्या सोसलं."

कोकिळाबाईंनी मोबाइल सुपाच्या काठाला टेकवला. चौकोन उमटले. त्यांनी पदर सारखा केला, आणि मग कॅमेऱ्याचं बटण दाबलं. तिकडे जयमाला नेहमीसारखं म्हणत होती, की आधीच्या धड्यातलं कोणाला काही, आणि मध्येच थांबली.

"गजेंद्रसर?"

"गजेंद्र माहा पोरगा हाये, म्याडम. मी कोकिळा. रेणूची आजी." त्यांनी मोबाइल जरा जवळ ओढला. "एक शंका होती."

"विचारा ना, ताई."

आता 'पोर' आणि 'पारा' विचारायचं, असंच त्यांनी ठरवलं होतं. टोपी तर अजून पिशवीतच होती. पण तोंडातून दुसरंच निघालं. "'मी तुह्याकडंच पाहून राह्यली', असं लेकराले सांगाचं असलं तं कसं सांगाव?"

समोरून अन्नपूर्णाबाई शेंगा सोलता सोलता हलकेच म्हणाल्या, "आमी."

कोकिळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा मोबाइलकडे. "आमी," त्या म्हणाल्या. "दोघीजनी."

जयमालाने सावकाश सांगितलं, "ते एस्तामोस मिरांदो." अन्नपूर्णाबाई शेंगा बाजूला सारून जवळ सरकल्या आणि दोन डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर झुकली. अन्नपूर्णाबाईंनी पहिल्याच दमात वाक्य बरोबर म्हटलं. जयमाला छान म्हणाली. कोकिळाबाईंना ते आवडलं नाही. त्यांनी तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. मग विहीणबाईंनी त्याहून मोठ्याने. मग 'मिरांदो'तला 'रा' कोणाचा नीट लागतो यावर दोघींची लागली, आणि डोक्याला डोकं लावून त्या वाक्य घोकत राहिल्या.

आतल्या दाराच्या उंबऱ्यात रेणू येऊन उभी राहिली होती, हे दोघींच्याही बऱ्याच उशिरा लक्षात आलं.